जामीन कोण राहणार?

थोडं लांब लिहिलंय. घाईत असाल तर रात्री निवांत वाचा.

मागच्या महिन्यात भाचीच्या मुलांना घेऊन लोहगडावर गेले होते. युनेस्कोच्या यादीत नाव आल्यापासून गडावर पाय ठेवायला जागा नसते, तरी सकाळच्या पहिल्या लोकलनं मळवलीला उतरलं की भाज्यापासून वर जाईपर्यंत जरा शांतता मिळते. महादरवाजाशी बसून डबा खाताना पाचवीतल्या नातीनं विचारलं, "आजी, इथं जेल कुठंय?" कुठल्या तरी मालिकेत तिनं गडावरची अंधारकोठडी पाहिली होती.

मी म्हटलं, अगं, गड हेच जेल असायचं. आणि मग माझ्याच लक्षात आलं की या वाक्याचा दुसरा अर्धा भाग मी कधी कुणाला सांगितलेला नाही. शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवला, पण तिथंही नाही. म्हणून आज लिहिते.

पेशवाईत तुरुंग म्हणून वेगळी इमारत बांधायची पद्धत नव्हती. कैदी किल्ल्यावर पाठवायचे आणि त्याचा शिधा सरकारातून लावून द्यायचे. पेशवे दफ्तरातल्या कागदांवर वि. त्र्यं. गुणे यांनी मराठ्यांच्या न्यायपद्धतीबद्दल लिहिलं, पुढं सुमित गुहांनीही अठराव्या शतकातल्या शिक्षांवर लिहिलं. ते वाचताना गडावरच्या बायका दिसायला लागतात. बहुतेकींवर एकच आरोप असे, तो बदकर्माचा, म्हणजे व्यभिचाराचा. पुरुष त्यात सापडला तर बहुतेक वेळा 'गुन्हेगारी' भरून, म्हणजे दंड देऊन सुटायचा. बाईची मात्र सरकारची कुणबीण व्हायची. दळण-कांडण, कोठारातलं धान्य निवडणं, गोठ्याचं काम, बांधकामावर चुना-दगड वाहणं, असली कामं तिच्या वाट्याला. शिक्षा किती वर्षांची, हा प्रश्नच नसायचा, कारण कुणबीण म्हणजे मालमत्ता. एका कारखान्यातून दुसऱ्या कारखान्यात पाठवायची, कुणा सरदाराला द्यायची, कधी विकायची.

सुटका व्हायची, नाही असं नाही. त्यासाठी कुणीतरी पैसे भरायला लागायचे, किंवा तिच्या बदली दुसरी कुणबीण द्यायला लागायची, किंवा जामीन राहायला लागायचं. जामीन हा फारसीतून आलेला शब्द. त्याचा मूळ अर्थ 'बेल' नाही. जामीन म्हणजे माणूस, "हिची जबाबदारी माझी" असं म्हणणारा. बदकर्माच्या आरोपावरून गडावर गेलेल्या बाईसाठी असं म्हणायला सासरचं कोण पुढं येणार होतं? आणि माहेरचं तरी?

तोच शब्द आज वडगाव कोर्टाच्या व्हरांड्यात दिवसातून शंभर वेळा ऐकू येतो. राज्य बदललं, कायदा बदलला, अडचण आहे तिथंच आहे. ती कशी, ते पुढं सांगते. मधला काळ आधी जरा बघू.

इंग्रज आले तसा शिक्षेला कालावधी आला, रजिस्टर आलं, उंच भिंत आली. येरवड्याचा तुरुंग 1871 चा. त्याच वर्षी गुन्हेगार जमातींचा कायदा आला. त्या कायद्यानं पारध्यांसारख्या अख्ख्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या, त्यातल्या बायकासुद्धा. (तुरुंगात जातीवरून कामं वाटायचे नियम सर्वोच्च न्यायालयानं रद्द केले, तेही 2024 च्या ऑक्टोबरात. मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर. मधल्या दीडशे वर्षांबद्दल कुणाला विचारायचं?)

पण त्याआधीची पुण्यातली एक केस सगळ्यांना माहीत असायला हवी. 1863 साली काशीबाई नावाची एक ब्राह्मण विधवा जोतीराव फुल्यांचे मित्र गोवंडे यांच्याकडे स्वयंपाकाला होती. शेजारच्या एका शास्त्र्यानं तिला फसवलं. दिवस गेले. गर्भ पाडायचे उपाय झाले, ते साधले नाहीत. मूल झालं आणि अब्रूच्या भीतीनं तिनं ते मारलं. पुढं प्रेत सापडलं, खटला झाला आणि तिला जन्मठेप, काळ्या पाण्याची. शास्त्रीबुवांचं काही झालं नाही. जोतीरावांनी हे स्वतः 1884 साली सरकारला पाठवलेल्या टिपणात लिहून ठेवलंय. याच प्रसंगानंतर त्यांनी आणि सावित्रीबाईंनी आपल्या घरात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. ब्राह्मण आळ्यांमधून त्याच्या जाहिराती लावल्या, की बाई, इथं ये, गुपचूप बाळंत हो, मूल मारू नकोस.

इथं एक दुरुस्ती. दरवर्षी 3 जानेवारीला ज्या पोस्टी फिरतात त्यात दोन काशीबायांची एक करून टाकतात. ज्या काशीबाईचा मुलगा यशवंत फुल्यांनी दत्तक घेतला ती वेगळी, 1874 च्या सुमाराची. तिला दार उघडं मिळालं. अंदमानला गेली ती पहिली.

अंदमानात स्त्री-कैद्यांचं काय व्हायचं? काही वर्षं शिक्षा भोगली की पुरुष कैद्यांशी त्यांची लग्नं लावून द्यायचे. कैद्यांची वसाहत बसवायची होती, त्याला बायका लागत होत्या. पुनर्वसन हा शब्द तेव्हा नव्हता, पण सरकारची कल्पना तीच होती: बाईला कुणाच्या तरी घरात नेऊन ठेवली की प्रश्न मिटला. हसू नका, आजही सुटून आलेल्या बाईबद्दल आपण गावात हेच बोलतो. "कुणी बघून लग्न लावून द्या तिचं."

1881 मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला अशाच बालहत्येबद्दल फाशी सुनावली गेली. अपिलात ती जन्मठेपेवर आली, पुढं पाच वर्षांवर. वर्तमानपत्रांनी मात्र समस्त बायकांच्या नीतीवर अग्रलेख झोडले. त्या रागातून बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी 1882 साली 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिली. म्हणजे आपल्या भाषेतलं स्त्रीवादी म्हणून ओळखलं जाणारं पहिलं पुस्तक एका कैदी बाईमुळे आलंय, हे मी बी.एड. झाल्यावर वीस वर्षांनी वाचलं. अभ्यासक्रमात कुठं होतं?

मग स्वातंत्र्याची चळवळ. सरोजिनी नायडू, कस्तुरबा येरवड्यात होत्या. त्याच येरवड्यात गांधीजींनी पेटी चरखा विकसित केला, म्हणून त्याला येरवडा चक्र म्हणतात. आणीबाणीत प्रमिलाताई दंडवते दीड वर्ष येरवड्यात, मधू दंडवते तिकडं बंगलोरच्या तुरुंगात. या सगळ्यांबद्दल मला आदर आहेच. पण या बायका सुटल्या तेव्हा दाराशी हार घेऊन माणसं उभी होती. तुरुंगात जाणं हा त्यांचा मान ठरला. बाजूच्या बराकीतल्या चोरीच्या, दारूच्या, नवऱ्याच्या खुनाच्या केसमधल्या बायका त्यांच्या आठवणींत येतात, कधी मायेनं, कधी नुसत्या ओझरत्या. त्या सुटल्या तेव्हा दाराशी कोण होतं, हे कुठल्या पुस्तकात सापडत नाही.

त्यांच्याकडं कायद्याचं लक्ष जायला 1983 उजाडलं. शीला बर्से या पत्रकार मुंबईच्या तुरुंगात पंधरा स्त्री-कैद्यांशी बोलल्या. त्यातल्या पाचजणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचं सांगितलं. बर्सेंनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं आणि न्यायालयानं पत्रालाच याचिका मानलं. बायकांना वेगळी कोठडी, महिला पोलिसांचा पहारा, अटक होताच कायदेशीर मदत, हे निर्देश तिथून आले. 2006 च्या एका निकालानं आईबरोबर तुरुंगात राहणाऱ्या मुलांचे नियम ठरवून दिले. सहा वर्षांपर्यंत मूल आईजवळ, पुढं नातेवाइकांकडे, नाहीतर संस्थेत.

आणि 2017 चा जून. भायखळ्याच्या महिला तुरुंगात मंजुळा शेट्ये. शिक्षेची बरीच वर्षं काढलेली, चांगल्या वागणुकीमुळं वॉर्डर नेमलेली. रेशनात दोन अंडी आणि पाच पाव कमी आले म्हणून तिनं तक्रार केली आणि त्यावरून तिला मारहाण झाली, असं इतर कैदी बायकांनी सांगितलं. ती मेली. सहा तुरुंग कर्मचाऱ्यांवर खुनाचा गुन्हा दाखल झाला. आठवडाभर टीव्हीवर चाललं, पण तेही आत दुसरं कोण मोठ्या नावाचं आहे म्हणून.

आता आपल्या तालुक्याचं.

माझ्या चौथीच्या वर्गात एक मुलगा होता, हुशार, अक्षर देखणं. नाणे मावळातलं गाव, नाव सांगत नाही. त्याची आई धाकट्या जावेच्या मृत्यूच्या केसमध्ये सासूबरोबर आत गेली. हुंड्याची केस. खरं काय घडलं ते मला माहीत नाही, आणि एक लेक गेली त्या घराचं दुःख मी कमी लेखत नाही. कोर्टानं शिक्षा दिली, तिनं पुरी भोगली. सात वर्षं. सासू आतच वारली.

सुटल्यावर वर्षभरानं ती मला लोणावळ्याच्या बाजारात भेटली. मी ओळखलं नाही, तिनं हाक मारली, "बाई!" एका चिक्कीच्या कारखान्यात पॅकिंगला होती. मग कधीमधी घरी यायला लागली. तिच्याकडून जे ऐकलं ते लिहिते. कुठला तुरुंग ते लिहीत नाही.

सकाळी सहाच्या आसपास बराक उघडते. जोडीजोडीनं बसवून मोजणी. मग पाण्याची रांग, चहा, नाश्ता. शिक्षा झालेलीला हिरवी साडी. जिची केस चालू आहे तिला घरचे कपडे, म्हणजे घरून कुणी आणून दिले तर. संध्याकाळचं जेवण उजेडीच वाटतात आणि सूर्य मावळायच्या आत परत मोजणी, कुलूप. "बाई, सात वर्षांत चांदणं पाहिलं नाही," ती म्हणाली. रात्रभर दिवा चालू. आता लोणावळ्यात लाईट गेले की तिला झोप येत नाही, अंधार सहन होत नाही. अजून एक सवय तिची मला फार लागली. माझ्या घरी आली की दाराशी उभी राहते. दार उघडंच असतं, तरी "ये" म्हटल्याशिवाय आत पाऊल टाकत नाही.

भेटीला पहिली दोन वर्षं भाऊ गेला. मावळातून येरवड्याकडं जायचं म्हणजे लोकलनं शिवाजीनगर, तिथून बस, नंबर लावायचा, काचेपलीकडून थोडा वेळ बोलायचं, दिवस गेला आणि रोजही बुडाला. पुरुष आत असेल तर बायको हे सगळं करते, डबे बांधते, पोरांना नेते, कर्ज काढून वकील देते. बाई आत गेली की नवरा किती वेळा जातो? तिचा एकदाही गेला नाही. त्यानं दुसरा संसार थाटला. पुढं भावाची दिवाळीला मनीऑर्डर यायची, मग तीही बंद.

आता जामिनाकडं येते. केस चालू असताना तिला जामीन मंजूर झाला होता. तरी ती आठ महिने आतच राहिली, कारण जामीनदार मिळेना. आपल्याकडं जामीनदाराला काय मागतात ते ज्यांनी कोर्ट पाहिलंय त्यांना माहीत आहे. रेशन कार्ड, सातबारा, नाहीतर तहसीलची ऐपतीची सर्टिफिकिटं. मावळातल्या निम्म्या घरांचे सातबारे तर फार्महाऊसवाल्यांच्या नावावर गेले. ज्यांचे उरलेत त्यावर बाईचं नाव सहसा नसतं. म्हणजे जमीन असणारा पुरुष लागणार, आणि जी सासरच्यांच्या केसमध्ये आत आहे तिच्यासाठी तो कुठून आणायचा?

हे न्यायालयांना कळत नाही असं नाही. 1978 सालीच मोतीराम खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी गरिबाकडून भरमसाट रकमेचा आणि स्थानिकच जामीनदार मागण्यावर कडक शब्दांत ताशेरे ओढलेत. 2023 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सांगितलं की जामीन मंजूर होऊन आठवड्यात सुटका झाली नाही तर तुरुंग अधीक्षकानं जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं, आणि स्थानिक जामीनदाराचा हट्ट धरू नये. त्याच वर्षी केंद्रानं गरीब कैद्यांसाठी योजना आणली. तेव्हा जामिनासाठी 40 हजारांपर्यंत, दंड भरायला 25 हजारांपर्यंत मदत ठरली होती. नव्या कायद्याच्या कलम 479 नं पहिल्यांदाच आरोपी झालेल्या कच्च्या कैद्याला, जास्तीत जास्त शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला की सुटण्याची वाट दिली. (फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना ती नाही.) कागद उत्तम आहे. पण तो कागद आतल्या बाईला वाचून कोण दाखवणार, अर्ज कोण लिहिणार? सुधा भारद्वाज यांनी येरवड्याच्या दिवसांवर 2023 साली पुस्तक लिहिलं. त्या स्वतः वकील, पुढं भायखळ्याला असताना इतर बायकांचे अर्ज त्यांनी लिहून दिले. दर बराकीला अशी वकील मिळायची नाही.

शिक्षा लागल्यावरही जामीन सुटत नाही. फर्लो म्हणजे संचित रजा आणि पॅरोल म्हणजे अभिवचन रजा. दोन्हीला बाहेर कुणीतरी नातेवाईक हवा, पोलिसांनी त्याच्या घरी जाऊन चौकशी करायची, त्यानं "येऊ द्या" म्हणायला हवं. तिच्या बाबतीत पोलीसपाटलांना घरून उत्तर मिळालं, "आमचा संबंध नाही." सात वर्षांत ती एक दिवस बाहेर आली नाही.

पुनर्वसनाच्या चांगल्या गोष्टी आपल्या महाराष्ट्रात नाहीत का? आहेत की! 1939 साली औंध संस्थानानं आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवलं. मॉरिस फ्रीडमन या पोलिश गृहस्थाची कल्पना, राजेसाहेबांचा पाठिंबा. बिनभिंतीची वसाहत, खून केलेले लोक शेती करतात, बायको-मुलांसकट राहतात. शांतारामबापूंनी त्यावर 'दो आँखें बारह हाथ' काढला, 1957. सिनेमा सगळ्यांनी पाहिलाय. पण नीट बघा, ती वसाहत पुरुष कैद्याची. त्याचं कुटुंब तुटू नये म्हणून बायको तिथं राहायला जाते. बाई कैदी असेल तर तिचा नवरा तिथं राहायला येईल, असं 1939 मध्ये कुणाला सुचलं नाही, आजही सुचत नाही. बायकांसाठी खुलं कारागृह येरवड्यात व्हायला सत्तरेक वर्षं गेली. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा 'प्रयास' 1990 पासून सुटलेल्या बायकांसोबत काम करतो, निवारा आणि काम मिळवून देतो. पण असे प्रकल्प बोटावर मोजण्याइतके, आणि देशातल्या कैद्यांमध्ये बायका शंभरात चार-साडेचार. संख्या कमी म्हणून योजना पुरुषांना डोळ्यांपुढं ठेवून होतात. पुरुषांच्या तुरुंगात सुतारकाम, यंत्रमाग, फर्निचरचा कारखाना. बायकांना बहुतेक शिवण नाहीतर पापड.

ती शिवण शिकली. चांगली शिकली, सर्टिफिकिट मिळालं. ते मला तिनं प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढून दाखवलं. खाली शिक्का तुरुंगाचा. "बाई, हे कुणाला दाखवू?" सात वर्षांतली तिची कमाई एवढीच, आणि तेवढीच लपवायची.

आता माझं सांगते. मागच्या वर्षी तिला भाड्याची खोली बघायची होती. चिक्कीवाल्याकडं कुणीतरी तिची जुनी गोष्ट सांगितली, काम गेलं होतं. घरमालक म्हणाला, भाडेकरूची माहिती पोलिसांत द्यायची असते, ओळखीचं कुणी जबाबदार माणूस सही करायला आणा. ती माझ्याकडं आली. दाराशी उभी.

मी म्हटलं, "अगं, आमच्या ह्यांना विचारून सांगते."

ह्यांना मी विचारलंच नाही. मुलगा पुण्यात नोकरीला, त्याचं लग्न ठरत होतं, उगाच पोलिसांच्या कागदावर आपलं नाव कशाला, असा विचार केला. तिला फोन केला नाही. तीस वर्षं मुलांना सावित्रीबाईंचा धडा शिकवणारी मी.

ती महिन्यानं परत आली. त्याबद्दल एक शब्द बोलली नाही. माझ्या साडीचा फॉल निघाला होता, तो मागून घेतला आणि तिथंच पायरीवर बसून हातानं लावला. पैसे घेईना. तेवढ्यात मी आत जाऊन आधार कार्डाची झेरॉक्स शोधली आणि तिच्याबरोबर त्या घरमालकाकडं गेले. त्यानं फॉर्म पुढं केला. 'भाडेकरूशी नाते' असा रकाना होता. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी लिहिलं, 'विद्यार्थ्याची आई.'

सध्या ती त्या खोलीत फॉल-पिको करते, ब्लाऊज शिवते. मशीन जुनं आहे, हप्त्यावर घेतलंय. वडगाव कोर्टात तालुका विधी सेवा समिती आहे, तिथं मोफत वकिलासाठी अर्ज करता येतो, हे ती आता आजूबाजूच्या बायकांना सांगते, मलाही तिनंच सांगितलं. मुलाचा पत्ता लागलाय, चाकणला कंपनीत आहे. अक्षर अजून तसंच देखणं असेल. फोन नंबर मी मिळवून दिला. तिनं दोनदा लावला. तो उचलतो, आवाज ओळखतो आणि ठेवून देतो.